आकाशाचा उजेड आणि तेजोमेघाचा उजेड

मृगनक्षत्र आपल्या सर्वांच्या ओळखीचें आहे. हिवाळ्यांतील रात्रीं त्याचे चार कोपऱ्यांचे तारे आणि मधला तीन ताऱ्यांचा बाण लहान मूलही दाखवूं शकतें. परंतु या नक्षत्राला अर्धवट वेढून तेजोमेघाची एक प्रचंड कमान पसरली आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. तिचा विस्तार दहा अंशांहून अधिक आहे. वीस पूर्णचंद्र एका ओळींत मांडले तरी ती पुरी झांकली जावयाची नाहीं. एवढी मोठी वस्तु, पण तिच्या तेजाविषयीं १९०३ सालीं दोन नामांकित ज्योतिर्विदांत मतभेद झाला. त्या वादाचें मर्म अद्यापि जुनें झालेलें नाहीं.

प्रकरणाचा आरंभ विल्यम हर्शेलपासून होतो. आकाशांतील ५२ जागीं विस्तीर्ण व अत्यंत अंधुक तेज पसरलेलें आपणांस दुर्बिणींतून दिसलें, असें त्यानें १८११ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें छायाचित्रणाची कला आली, तेव्हां इंग्लंडांतील आयझॅक रॉबर्ट्स यांनीं या जागांची तपासणी हातीं घेतली. रॉबर्ट्स हे सामान्य गृहस्थ नव्हते. देवयानींतील तेजोमेघाचें सर्पिल रूप जगाला प्रथम दाखविलें तें त्यांच्याच १८८८ सालच्या छायाचित्रानें. त्यांनीं बावन्नही जागांचीं चित्रें घेतलीं आणि निकाल दिला कीं, केवळ चार जागीं तेजोमेघ आहे. उरलेल्या ४८ जागीं कांहीं नाहीं.

अमेरिकेंतील एडवर्ड बार्नार्ड यांना हा निकाल मान्य झाला नाहीं. मृगाभोंवतींचें तेज खरें आहे, असें त्यांनीं उत्तर दिलें. कॅलिफोर्नियांतील विल्सन शिखरावरून विल्यम पिकरिंग यांनीं १८८९ सालीं घेतलेल्या चित्रांत ती कमान होती. १८९४ सालीं लिक वेधशाळेंत असतां बार्नार्ड यांनीं स्वतः मॅजिक लँटर्नच्या एका लहानशा भिंगानें तिचें चित्र घेतलें होतें. माणसें निराळीं, भिंगें निराळीं, वर्षें निराळीं. पण कमान तीच आणि तेथेंच. एवढ्यानें बावन्नही जागा खऱ्या ठरल्या असें नव्हे, पण मृगापुरता प्रश्न सुटला. आज ती कमान बार्नार्ड यांच्याच नांवानें ओळखली जाते.

मोठ्या दुर्बिणीला जें साधलें नाहीं तें खेळण्यांतल्या भिंगाला कसें साधावें? याचें कारण असें कीं, रात्रीचें आकाश कधींच पुरतें काळें नसतें. सुमारें शंभर किलोमीटर उंचीवरील हवा स्वतः मंदपणें प्रकाशत असते. त्यांत चंद्राचा आणि शहरांतील दिव्यांचा उजेड मिसळतो. हा उजेड क्षितिजाकडे दाट व माथ्यावर विरळ असतो. त्यामुळें चित्राची एक बाजू उजळ व दुसरी काळी येते. शिवाय भिंगाच्या कडेला प्रकाश कमी पोंचतो. दुर्बिणीचें क्षेत्र लहान असलें आणि तेजोमेघानें तें सारें व्यापलें, तर मेघाचा उजेड आकाशाच्या उजेडासारखाच दिसतो. मेघाची कड दिसली तरच मेघ ओळखूं येतो, आणि कड दिसावयास विस्तीर्ण क्षेत्र हवें.

आतां काचेच्या प्लेटी गेल्या व गणकयंत्रें आलीं. भिंगाचा दोष काढण्यासाठीं सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचें चित्र घेऊन त्यानें मूळ चित्रास भागतात. मग मोकळ्या आकाशाचे कांहीं बिंदु निवडून यंत्र उजेडाचा चढउतार ठरवितें आणि तो चित्रांतून वजा करतें. लहान तेजोमेघाचें चित्र यानें सुरेख निघतें. पण मेघानेंच सारें चित्र व्यापलें असेल, तर मोकळा बिंदु आणावयाचा कोठून? तो मेघावरच पडला, तर यंत्र मेघालाच आकाश समजून वजा करतें. चित्र स्वच्छ होतें, आणि त्यांतली खरी वस्तु नाहींशी होते! यंत्राचा यांत दोष नाहीं. जें आकाश म्हणून दाखविलें तेंच त्यानें काढलें.

यावरचा उपाय बार्नार्ड यांच्या उत्तरांतच आहे. अगोदर मेघाची कड दिसेल एवढ्या विस्तीर्ण क्षेत्राचें चित्र घ्यावें आणि चढउतार त्यावरून ठरवावा. मोजके बिंदु निवडावे. निरनिराळ्या रात्रींचीं चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. हवेचा उजेड रात्रीगणिक बदलतो, दिव्यांचा गांवागणिक, भिंगाचा दोष भिंगागणिक. जें बदलतें तें आपल्या बाजूचें समजून खुशाल काढून टाकावें. जें बदलत नाहीं, त्याला मात्र हात लावण्यापूर्वीं पुन्हां एकदां विचार करावा.