गंजलेल्या विळ्यांची लिपी

हिंगोलीत 'मांडणशिल्प' म्हटलं की लोकांना गणपतीची आरास आठवते. आमचीही समजूत फार वेगळी नव्हती. रुमाना हुसैन यांच्या कामाची छायाचित्रं पाहिली आणि ती मोडली.

रुमाना यांचा जन्म १९५२ चा, बंगळूरचा. घराणं लखनौचं, हबीबुल्लाह. वडील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे कमांडंट होते. मुंबईत त्या कॅनव्हासवर चित्रं काढत. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली आणि या कुटुंबालाही राहतं घर सोडावं लागलं. एवढी प्रतिष्ठा, पण त्या दिवसांत दारावरचं नावच तेवढं मोजलं गेलं.

मग कॅनव्हास मागे पडला. फुटकी मडकी, आरसे, गेरू हाती आले. आरशावर ठेवलेलं अर्धं मडकं घुमटासारखं दिसतं. कशाचा घुमट, हे सांगायला नको. १९९५ मध्ये पायांत घुंगरू, हातात कापलेली पपई घेऊन, तोंड उघडं पण आवाज नाही, अशा त्या मुंबईच्या एन.सी.पी.ए.च्या आवारात चालल्या. १९९७ मध्ये त्यांनी बेगम हजरत महलची कबर मांडली. १८५७ मध्ये अवधसाठी लढलेली ही बेगम काठमांडूत दफन आहे. आम्ही वर्गात तिला दोन ओळींत आटोपतो, हे कबूल करायला हवं.

शेवटचं मोठं काम १९९९ चं, ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनासाठी. कर्करोगाने त्या त्याच वर्षी गेल्या. प्रदर्शन त्यानंतर भरलं. शेंदरी भिंतींची एक खोली, थोडी इस्पितळ, थोडी दर्गा. सोनेरी रंग, प्लास्टिकच्या वस्तू, ध्वनिमुद्रित आवाज. आणि भिंतीवर गंजलेली लोखंडी अवजारं, दुरून उर्दूच्या ओळींसारखी. अर्थ लागत नाही, तरी लिपी ओळखीची वाटते.

हे आम्हाला परकं वाटलं नाही. मराठवाड्यात मोहर्रमला सवारी बसते, तेव्हा पंजे, कापड, ऊद, दिवे यांनी एक खोली अशीच बदलून जाते. दहा दिवसांनी काही उरत नाही.

आठवीच्या मुलांना आम्ही घरून विळे, आकडे, खिळे आणायला सांगितलं. काहींचे पालक विचारायला आले. एका मुलीने विळा आडवा ठेवला, पोटात सुपारी ठेवली आणि म्हणाली, "नून झाला." मग घाईने विळा उचलला, अम्मीला भाजी चिरायची होती.