कॉलेजच्या खोलींतील मराठी कादंबरी

मराठी कादंबरीचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक एका गोष्टीपाशीं क्षणभर थांबतात, किंचित् हसतात आणि पुढें जातात. ती गोष्ट म्हणजे हरि नारायण आपटे गणितांत नापास झाले, ही होय. १८८३ सालीं मॅट्रिकची परीक्षा उतरून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेले. पुढें नव्यानें निघालेल्या फर्ग्युसन कॉलेजांतहि त्यांनीं कांहीं काळ काढला. संस्कृत आणि इंग्रजी वाङ्मय त्यांनीं पोटभर वाचलें. पण गणिताची पायरी कांहीं त्यांना चढतां आली नाहीं, आणि पदवी न घेतांच त्यांनीं कॉलेजचा निरोप घेतला. ह्या गोष्टीकडे मला आज थोडें निराळ्या दृष्टीनें पाहावयाचें आहे. कारण ज्या काळांत हा विद्यार्थी परीक्षेंत अडखळत होता त्याच काळांत, म्हणजे १८८५ सालीं, 'पुणें वैभव' पत्रांतून त्याची 'मधली स्थिति' ही कादंबरी क्रमशः छापली जाऊं लागली होती. तेव्हां त्याचें वय २१ वर्षांचें होतें.

ही कादंबरी कोणत्या विद्यापीठाच्या छायेंत लिहिली गेली, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली. १८६२ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, आणि त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. विद्यापीठाच्या आरंभींच्या नियमांत देशी भाषांना जागा होती. परंतु पहिलें दशक पुरें होण्याच्या आंतच ती काढून घेण्यांत आली. मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून मराठी गेली आणि संस्कृतासारख्या अभिजात भाषांना तिची जागा मिळाली. मराठींत अभ्यास करण्याजोगें वाङ्मय आहेच कोठें, असा त्या वेळच्या धुरीणांचा सवाल होता. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेविषयीं असा सवाल निघावा ह्याचें आज आपल्याला आश्चर्य वाटतें. पण निघाला खरा, आणि बराच काळ टिकलाहि. त्यामुळें कॉलेजांतला विद्यार्थी शेक्सपीअर वाची, कालिदास वाची, पण परीक्षेसाठीं मातृभाषेंत त्याला एक ओळहि लिहावी लागत नसे. मराठी त्याच्या वांट्याला आली ती घरची, फावल्या वेळची आणि वर्तमानपत्राची भाषा म्हणून.

विद्यापीठाच्या ह्या उपेक्षेंतून एक लाभ झाला, असें म्हणण्याचा मोह मला होतो. जी भाषा परीक्षेला नाहीं, तिच्यांत गुण मिळविण्यासाठीं कोणी लिहीत नाहीं. पण हा लाभ अर्धाच आहे. जी भाषा परीक्षेला नाहीं, तिच्यांतले दोष दाखवावयालाहि कोणी बसलेला नसतो. कॉलेजमधील मराठी लेखक त्यामुळें एकाच वेळीं मोकळा आणि पोरका होता, आणि ह्या दोन्ही अवस्थांच्या खुणा त्याच्या लिखाणावर दिसतात.

त्याच्यापुढें मराठींत नमुने तरी कोणते होते? विद्यापीठ निघालें त्याच सालीं बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालें होतें, आणि त्यांत विधवांच्या दुःस्थितीचें खरें चित्र होतें. पण त्या वाटेनें जाणारा दुसरा प्रवासी बराच काळ निघाला नाहीं. लोकांना आवडली ती लक्ष्मणशास्त्री हळबे यांची १८६१ सालची 'मुक्तामाला', नारो सदाशिव रिसबूड यांची १८६८ सालची 'मंजुघोषा'. ह्या कादंबऱ्यांतून सद्गुणी नायक, संकटांत सांपडलेल्या सुंदरी आणि शेवटीं सर्वांची सुखरूप भेट, असा प्रकार असे. शनिवार पेठेंतल्या वाड्यांत राहणाऱ्या, सकाळीं विहिरीवर स्नान करून दहा वाजतां कचेरींत जाणाऱ्या माणसाला त्यांत कोठेंच जागा नव्हती.

हरिभाऊंचें खरें शिक्षण कॉलेजांत जाण्यापूर्वींच सुरू झालें होतें. १८८० सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं टिळकांच्या साह्यानें न्यू इंग्लिश स्कूल काढलें, आणि हरिभाऊ त्या शाळेचे विद्यार्थी झाले. ज्या शास्त्रीबोवांनीं १८७४ सालापासून 'निबंधमाला' चालवून मराठी गद्याला नवा डौल आणला, तेच आतां डोळ्यांसमोर वावरत होते. १८८२ च्या मार्च महिन्यांत शास्त्रीबोवा वारले. हरिभाऊंना नुकतेंच अठरावें वर्ष पुरें झालें होतें. त्यांनीं 'शिष्यजनविलाप' नांवाचें शोककाव्य लिहिलें. गुरु गेला म्हणून शिष्यानें श्लोक रचावे, हें आपल्याकडच्या रीतीला धरूनच झालें. त्यानंतर मात्र त्यांनीं जें केलें तें रीतीला धरून नव्हतें. १८८३ सालीं गोपाळ गणेश आगरकरांनीं शेक्सपीअरच्या 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' हें भाषांतर प्रसिद्ध केलें. आगरकर त्याच शाळेंतले शिक्षक. त्यांच्या ह्या भाषांतरावर ह्या विद्यार्थ्यानें 'निबंधचंद्रिके'त ७२ पानांचें परीक्षण लिहिलें, आणि तें गुरूची स्तुति करणारें नव्हे, तर दोषांची झडती घेणारें होतें.

हीं ७२ पानें मला फार महत्त्वाचीं वाटतात. कॉलेजांतला मुलगा इंग्रजी नाटक इंग्रजींत वाचतो, त्याचें मराठी रूप शेजारीं ठेवतो आणि हें वाक्य मराठी कानाला कसें लागतें, मूळचा भाव येथें कोठें सांडला, असे प्रश्न विचारीत बसतो. विद्यापीठाचा कोणताहि परीक्षक त्याला हे प्रश्न विचारणार नव्हता. ज्या शिक्षणाची विद्यापीठानें तरतूद केली नव्हती, तें त्या मुलानें स्वतःचें स्वतः घेतलें. गणिताच्या पुस्तकाला त्या दिवसांत धूळ खावी लागली असेल, तर त्याचें मला फारसें वाईट वाटत नाहीं.

आतां 'मधली स्थिति'कडे वळूं. नांवांतच कादंबरीचा विषय आहे. जुनें सुटलें आहे, नवें पुरतें हातीं आलेलें नाहीं. इंग्रजी विद्येबरोबर इंग्रजी बाटलीहि घरांत शिरली आहे. सुधारणेच्या नांवाखालीं स्वैराचार आणि धर्माच्या नांवाखालीं ढोंग माजलें आहे, अशी त्या वेळच्या पुण्याची जी संधिकालाची अवस्था, तिचें हें चित्र. सांगाडा मात्र त्यांनीं रेनल्ड्स ह्या इंग्रज कादंबरीकाराच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन' ह्या पुस्तकावरून घेतला. रेनल्ड्स म्हणजे कांहीं स्कॉट किंवा डिकन्स नव्हे. लंडनच्या गल्लीबोळांतलीं रहस्यें व पापें चटकदार करून सांगणारा, स्वदेशांतल्या टीकाकारांनीं नाकें मुरडलेला हा लेखक आपल्या देशांत मात्र घरोघर वाचला जात होता. हॅम्लेटच्या भाषांतरावर एवढें बारीक परीक्षण लिहिणाऱ्यानें स्वतःच्या पहिल्या कादंबरीसाठीं रेनल्ड्सचा आश्रय करावा, ही विसंगति मोठी गंमतीची आहे. परंतु ती समजण्याजोगीहि आहे. कॉलेजच्या वर्गांत जें शिकवीत तें पूज्य होतें, आणि पूज्य वस्तूला हात लावण्याचा धीर सहसा होत नाहीं. रेनल्ड्स उशाखालीं ठेवून वाचण्याचा लेखक. त्याची मोडतोड करतांना कोणाचा संकोच वाटण्याचें कारण नव्हतें.

आणि त्या मोडतोडींतूनच कांहीं खरें बाहेर आलें. लंडनची गल्ली पुण्याच्या बोळांत आणतांना लेखकाला पदोपदीं विचार करावा लागला कीं, येथें अशा प्रसंगीं माणसें काय बोलतील, सासू काय म्हणेल, शेजारीण कोठून डोकावेल. ह्या प्रश्नांचीं उत्तरें रेनल्ड्सजवळ नव्हतीं. तीं द्यावयाला पुण्याचा वाडा पाहिलेला, तेथल्या माजघरांतलीं बोलणीं ऐकलेला माणूसच हवा होता. कथानक उसनें, पण संवाद घरचे, असा हा व्यवहार आहे.

दोष पुष्कळ आहेत, आणि ते झांकण्यांत अर्थ नाहीं. कादंबरी पसरट आहे. लेखक मध्येंच वाचकाला हाताशीं धरून उपदेश करूं लागतो. याचें एक कारण वयांत, आणि दुसरें प्रकाशनाच्या रीतींत सांपडतें. क्रमशः छापली जाणारी कादंबरी लिहिणाऱ्याला मागचें पान खोडतां येत नाहीं. तें केव्हांच वाचकाच्या हातीं गेलेलें असतें. पुढचा मजकूर छापखान्याला ठरल्या दिवशीं पाहिजेच असतो, मग त्या आठवड्यांत लेखकाची परीक्षा असो वा नसो. ही संवय हरिभाऊंना जन्मभर चिकटली. 'गणपतराव', 'आजच', 'कर्मयोग' ह्या त्यांच्या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, ह्याचें मूळ मला तरी ह्या पहिल्या उमेदवारींत दिसतें.

हें सगळें पुरुषांच्या कॉलेजांत चाललें होतें, असें आपण सहज म्हणतों. पण तें अगदीं अक्षरशः खरें नाहीं. ह्याच दशकांत डेक्कन कॉलेजांत एक मुलगी शिकत होती. तिचें नांव कॉर्नेलिया सोराबजी. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री-पदवीधर. पुढें ऑक्सफर्डला जाऊन तिनें कायद्याचा अभ्यास केला. तिनेंहि गोष्टी लिहिल्या, आणि पडद्याआडच्या स्त्रियांच्या जीवनावरचा तिचा कथासंग्रह १९०१ सालीं निघाला, पण तो इंग्रजींत. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याचें, आणि गोष्टी लंडनच्या वाचकांसाठीं! उलट ज्या काशीबाई कानिटकरांनीं कॉलेजचें तोंड कधीं पाहिलें नाहीं, घरच्यांची बोलणीं सोशीत ज्या लपूनछपून वाचावयाला शिकल्या, त्यांनीं मराठींत लिहिलें. १८८९ सालीं डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. काशीबाई आणि हरिभाऊ यांचा स्नेह होता, पत्रव्यवहार होता. स्त्रीच्या मनाचें जें ज्ञान कोणत्याहि कॉलेजांत मिळालें नसतें, त्यांतला कांहीं भाग हरिभाऊंना ह्या स्नेहांतून लाभला असावा. १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' पत्र काढलें आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो!' सुरू केली, तेव्हां ती यमुना नांवाच्या एका विधवेच्या तोंडून, तिच्याच भाषेंत सांगितली. 'मधल्या स्थिती'नंतर अवघ्या पांच वर्षांचें हें अंतर. उपदेशक बाजूला सरला होता आणि यमुना बोलत होती.

पुढच्या पिढ्यांची हकीकत थोडक्यांत सांगतों. राम गणेश गडकरी फर्ग्युसन कॉलेजांत आले, आणि त्यांनाहि गणितानेंच अडविलें. ते किर्लोस्कर नाटक मंडळींत गेले. विष्णु सखाराम खांडेकर त्याच कॉलेजांत शिकत असतां चुलत्यांना दत्तक गेले, आणि त्यांचें शिक्षण अर्ध्यावर सुटलें. १९२० सालीं ते कोंकणांत शिरोड्याला शिक्षक झाले. गणितांत न अडकलेलाहि एक होता. नारायण सीताराम फडके यांची पहिली गोष्ट 'मेणाचा ठसा' १९१२ सालीं 'केरळकोकिळां'त आली, तेव्हां ते विद्यार्थीच होते. त्यांनीं परीक्षाहि दिल्या, प्राध्यापकहि झाले, आणि १९३१ सालीं 'प्रतिभासाधन' लिहून गोष्ट कशी लिहावी हें इतरांना सांगितलें. मात्र वर्गांत ते शिकवीत ते तर्कशास्त्रासारखे विषय. १९६३ सालीं भालचंद्र नेमाडे यांनीं 'कोसला' लिहिली, आणि कॉलेजांतला विद्यार्थी स्वतःच कादंबरीचा विषय झाला. वसतिगृह, खाणावळ, परीक्षा आणि शेवटीं रित्या हातानें गांवीं परतणें, हें सारें त्यांत आलें. नेमाडे त्या वेळीं २५ वर्षांचे होते, आणि त्यांचें शिक्षण झालें होतें तें फर्ग्युसन आणि डेक्कन ह्याच दोन कॉलेजांत.

विद्यापीठांत मराठीला पुन्हां प्रवेश मिळावा म्हणून सर्वांत चिकाटीनें झगडले ते त्याच्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक, न्यायमूर्ति रानडे. १८९८ सालीं त्यांनीं मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहून, ह्या भाषेंत अभ्यासण्याजोगें काय आहे, ह्या जुन्या सवालाला उत्तर दिलें. १९०१ च्या जानेवारींत ते वारले, आणि त्याच सालीं एम्.ए.च्या परीक्षेंत मराठीला स्थान मिळालें. पायाच्या आधीं कळस चढविण्याचाच हा प्रकार होता, पण दार उघडलें.

त्या दारांतून मग हरिभाऊहि आंत गेले. १९१२ सालीं अकोल्याच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें होतें. १९१५ सालीं मुंबई विद्यापीठानें त्यांना विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानें देण्यासाठीं पाचारण केलें. १८७७ सालीं ज्या व्याख्यानपीठावरून भांडारकर बोलले होते, त्याच पीठावरून हा पदवी नसलेला विद्यार्थी आतां विद्यापीठाला शिकवणार होता. विषय होता मराठी भाषेचा उगम आणि तिची वाढ. व्याख्यानें त्यांनीं इंग्रजींत दिलीं. तीं पुस्तकरूपानें १९२२ सालीं निघालीं, पण तें पुस्तक पाहावयाला ते राहिले नव्हते. १९१९ च्या जानेवारींत गडकरी गेले, आणि त्यानंतर सहाच आठवड्यांनीं, ३ मार्चला, हरिभाऊ गेले.