टेंडर भरायला कोण शिकवतं?

मेहकर म्हटलं की लोकांना शारंगधर बालाजी आठवतो, नाहीतर पलीकडचं लोणार सरोवर. अलीकडे तिसरी ओळख झाली आहे ती समृद्धी महामार्गाची. बुलढाणा जिल्ह्यात हा रस्ता मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. एकूण लांबी 701 किलोमीटर, कामाचे तुकडे म्हणजे पॅकेजेस 16. नागपूर ते शिर्डी हा भाग 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, आणि इगतपुरीच्या पुढचा शेवटचा तुकडा 5 जून 2025 ला.

आता या सोळा पॅकेजेसपैकी एखादं मेहकरच्या कंत्राटदाराला मिळालं असतं का? प्रश्नच येत नाही. आधी केलेली कामं आणि वार्षिक उलाढाल या अटींमध्येच तो बाद. त्याच्या वाट्याला येणार ते मुरूम वाहणं, टिप्पर-जेसीबी भाड्याने लावणं, फार तर एखाद्या मोठ्या कंपनीच्या हाताखालचं हाताखालचं काम. मग मला प्रश्न पडला की मोठा कंत्राटदार मुळात घडतो कसा? आमच्या सिव्हिलवाल्या मित्रांना कॉलेजात 'एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग' नावाचा विषय होता आणि त्यात टेंडर नोटिशीचा एक नमुना असायचा. पण ते म्हणजे पुस्तक वाचून पोहायला शिकण्यासारखं. प्रत्यक्षात हे कोण शिकवतं? वीकेंडला हा धागा पकडून मागे मागे गेलो, तर गोष्ट निघाली मोठी रंजक.

सुरुवात 1854 मध्ये. डलहौसीने जुनं मिलिटरी बोर्ड बाजूला सारून सार्वजनिक बांधकाम खातं उभं केलं ते याच सुमारास. त्याच वर्षी पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघालं. तेच पुढे सीओईपी झालं. शाळा कशासाठी? तर खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. म्हणजे देखरेख करणारे, मोजमाप घेणारे. इथेच मला गंमत वाटते. जो मोजणार त्याच्यासाठी सरकारने शाळा काढली, आणि ज्याचं काम मोजलं जाणार त्याच्यासाठी काहीच नाही. तो आपला आपण शिकेल, असं गृहीत धरलं. (आपल्याकडे क्यूए टीमला ट्रेनिंग आणि डेव्हलपरला 'गूगल कर' म्हणतात ना, तसंच.)

आणि माणसं शिकलीही. जोतीराव फुले आपल्याला माहीत असतात ते शाळा आणि सत्यशोधक समाज यांच्यामुळे. पण त्यांच्या मिळकतीचा एक मोठा भाग सरकारी बांधकामांच्या कंत्राटांतून येत होता, खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता, हे आपण विसरतो. मुंबईत सत्यशोधक समाजाला ज्यांनी पैशाचा आधार दिला त्यांत व्यंकू काळेवार, जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू असे तेलुगू कंत्राटदार होते. नोकरीत वरच्या जागा ज्यांना मिळत नव्हत्या त्यांना हा धंदा मोकळा होता. पूर्ण मोकळा नाही म्हणा. फुल्यांच्या लेखनात इंजिनिअर खात्यातल्या कारकुनी लबाडीवर जी टीका आहे, ती साइटवर उभं राहिलेल्या माणसाची टीका आहे. मजूर कोण, पैसे कुठे मुरतात, बिल कोण अडवतं, हे त्यांनी ऐकून लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट वालचंद हिराचंदांची. जन्म 1882, सोलापूर. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. त्यांचं मन त्यात रमेना. 1903 मध्ये त्यांनी लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. हे फाटक कोण? रेल्वेतले माजी कारकून! मला तर या सगळ्या इतिहासातला हा सर्वात महत्त्वाचा तपशील वाटतो. टेंडर कसं वाचायचं, कुठल्या अटीत पैसे अडकतात, बिल कुठल्या टेबलावर थांबतं हे फाटकांना ठाऊक होतं. वालचंदांकडे भांडवल होतं, आणि धाडस तर होतंच. पुढे भोर घाटातले बोगदे, 1920 मध्ये टाटा कन्स्ट्रक्शन, मग जहाजं, विमानं... पण सुरुवात एका कारकुनाच्या ज्ञानापासून आहे.

म्हणजे दोन गोष्टी लागतात. एक, कागदाचं ज्ञान. दोन, बिल येईपर्यंत तग धरायला पैसा. यातली एक जरी नसली तरी माणूस बुडतो.

सरकारने हे ओळखून नवे कंत्राटदार घडवायचा जो प्रयत्न केला, त्यातला मला सर्वात प्रामाणिक वाटतो तो जंगल कामगार सहकारी संस्थांचा. त्या काळी जंगलाचे कूप लिलावात कंत्राटदार घ्यायचे आणि आदिवासींना राबवायचे. 1938 च्या सुमारास सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला. पुढे बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, 1947 च्या आसपास, ठाणे, नाशिक, खानदेश भागात आदिवासी तोडणाऱ्यांच्याच सोसायट्या निघाल्या. कूप त्यांना लिलावाशिवाय द्यायचा. पण खरी हुशारी पुढे आहे. प्रत्येक सोसायटीमागे एक सामाजिक संस्था उभी केली, जसं खेरांनीच 1940 मध्ये स्थापन केलेलं आदिवासी सेवा मंडळ. हिशेब ठेवणं, वनखात्याशी पत्रव्यवहार, माल विकणं हे या संस्थेच्या माणसांनी बघायचं आणि सभासदांना शिकवायचं. म्हणजे सोसायटीला सरकारने एक फाटक दिला! हे सगळीकडे सारखं जमलं नाही. काही ठिकाणी सोसायटी मोठी झाली तरी संस्थेचा हात सुटेना, आणि सभासद मजूरच राहिले. तरीही नुसतं 'घ्या काम' म्हणून सोडून दिलं नव्हतं, हे महत्त्वाचं.

आपलं मेहकर तेव्हा या चित्रात नव्हतं. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून कंपनीकडे आला, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, आणि मुंबई राज्यात यायला 1956 उजाडलं. पुढे सत्तरच्या दशकात रोजगार हमी आली, तिच्या 1977 च्या कायद्याने तर कंत्राटदाराला बंदीच. पण बाकीच्या सरकारी बांधकामात कंत्राटदार होताच, आणि इंजिनिअर झालेली बेकार पोरंही होती.

त्यातून सध्याची व्यवस्था आली. खात्याची छोटी कामं वाटताना गेली कित्येक वर्षं एक सूत्र चालत आलं आहे: 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, 33 टक्के मजूर सहकारी संस्थांना, उरलेली 34 टक्के खुल्या स्पर्धेत. पहिल्या दोन गटांना स्पर्धा नाही, काम वाटप समिती सोडत काढून काम देते. कल्पना छान आहे. डिग्री घेतलेल्या पोराला पहिलं काम मिळावं, अनुभव लागावा, मग त्याने खुल्या मैदानात उतरावं.

पण काम हातात आल्यावर काय होतं ते बघा. हा माझा साधा हिशेब आहे, चुकीचा वाटला तर सांगा. समजा 10 लाखांचा गावातला रस्ता लागला. खडी, डांबर, मजुरी यांत आधी 7 लाख स्वतःचे घालावे लागले. दरसूचीत कंत्राटदाराचा नफा साधारण 10 टक्के धरलेला असतो, म्हणजे लाखभर. बँक कर्ज देत नाही, कारण तारण नाही. बाजारातून महिना 2 टक्क्यांनी उचलले तर महिन्याचं व्याज 14 हजार. बिल सहा महिने लांबलं की 84 हजार व्याजातच गेले. वर सुरक्षा अनामत खात्याकडे अडकलेली, ती दोषदायित्वाचा काळ संपल्यावर सुटणार.

हे गणित एकदा कळलं की एक जुना जाणता कंत्राटदार येतो आणि म्हणतो, लायसन्स तुझं, काम मी करतो, तुला इतके टक्के. सही पोराची, काम दुसऱ्याचं. मजूर संस्थांबद्दलही हीच तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. मी त्या पोराला दोष देणार नाही. त्याने व्यवहारी निर्णय घेतला. पण दहा वर्षांनी त्याच्याकडे अनुभवाचे दाखले असतात आणि अनुभव नसतो.

कारण अनुभव मिळतो तो मोजमाप पुस्तकात, ज्याला सगळे एमबी म्हणतात. ज्युनिअर इंजिनिअर साइटवर लांबी-रुंदी-जाडी नोंदवतो, वरचा अधिकारी ती तपासतो, आणि बिल फक्त त्या नोंदीवर निघतं. जमिनीत गेलेला पाया नोंदीआधी बुजवला तर तो झालाच नाही असं समजा. अंदाजपत्रकात नसलेलं काम करावं लागलं तर आधी लेखी आदेश घ्यायचा, नंतर नाही. (आमच्याकडे याला चेंज रिक्वेस्ट म्हणतात, तिकडे एक्स्ट्रा आयटम. दोन्हीकडे 'करून टाका, बघू नंतर' म्हणणारा माणूस धोकादायक.) बी-1 फॉर्मात अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर की खाली एवढाच आकडा टाकायचा असतो. हा एक आकडा टाकण्यासाठी सगळे दर स्वतः उकलून बघावे लागतात, आणि नवखा माणूस मात्र शेजाऱ्याने 15 टक्के बिलो टाकलं म्हणून 18 टाकतो.

ई-टेंडर आल्यावर एक चांगलं झालं. पूर्वी टेंडरच्या पेटीपर्यंत पोचूच द्यायचं नाही, असा दांडगाईचा प्रकार चालायचा, तो संपला. पण डिजिटल सही, दोन लिफाफे, बयाणा ऑनलाइन भरणं यासाठी आता पैसे घेऊन टेंडर भरून देणारी माणसं तयार झाली. फाटक पुन्हा आले, फक्त भागीदार म्हणून नाही, दर फॉर्ममागे फी घेऊन.

दक्षिण आफ्रिकेत 2004 मध्ये त्यांचा सार्वजनिक बांधकामांचा मोठा रोजगार कार्यक्रम सुरू झाला. त्यात 'वुकुफिले' नावाची योजना आहे. नवख्या कंत्राटदाराला दोन वर्षं शिकाऊ ठेवायचं, वर्गात शिकवायचं आणि सोबत खरी कामं द्यायची, छोट्यापासून मोठ्याकडे. प्रत्येकाला एक अनुभवी मार्गदर्शक, आणि बँकेशी आधीच ठरवून घेतलेली पैशाची सोय. म्हणजे फाटकही दिला आणि वालचंदांची तिजोरीही. अमेरिकेत '8 ए' नावाच्या कार्यक्रमात मागास गटातल्या उद्योजकाला नऊ वर्षं मिळतात आणि मग बाहेर पडावंच लागतं. त्यांच्याकडेही मुखवटे पुढे करण्याचे प्रकार झाले आहेत, तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. पण शिकवायचं काय आहे हे तरी त्यांनी लिहून काढलं. आपल्याकडे उद्योजकता शिकवायला 1988 पासून राज्याची एमसीईडी ही संस्था आहे. पण सोडतीत काम लागलेल्या पोराला एमबी वाचता येते का, हे सोडत काढण्याआधी कुणी विचारत नाही.

जुलै 2025 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तरुण कंत्राटदाराच्या आत्महत्येची बातमी आली. जलजीवन मिशनची कामं केली होती, पैसे थकले होते, असं घरचे आणि कंत्राटदारांच्या संघटना सांगत होत्या. सरकारकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर कंत्राटच नव्हतं, तो कुणाचा तरी उपकंत्राटदार असेल. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर बरोबर असू शकतं. एमबीवर नाव मूळ कंत्राटदाराचं असतं, बिल त्याच्याच नावाने निघतं. हाताखाली कुणी काम केलं, कुणी स्वतःच्या जिवावर व्याजाने पैसे आणले, हे लिहायला त्या पुस्तकात रकाना नाही.