मत न देता उठलेले गोखले

आमच्या बेगडेवाडीतल्या शेजारच्या काकांच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' असा शेरा आहे. म्हणजे जमीन कसा, पण परवानगीशिवाय विकता येणार नाही. मुलीच्या शिक्षणासाठी एक तुकडा विकायचा म्हणून ते कचेरीच्या चकरा मारतात. एकदा मीही लोकलने त्यांच्यासोबत पुण्याला गेलो. येताना कौन्सिल हॉलवरून आलो आणि मला 1901 सालचा ऑगस्ट आठवला.

पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यात असे. गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट यांच्या कायदेमंडळापुढे जमीन महसूल दुरुस्ती विधेयक होतं. 1899-1900 च्या दुष्काळात शेतसारा थकला होता. थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण विकण्या-गहाण ठेवण्याचा हक्क काढून घेऊन. सरकार म्हणे, यामुळे जमीन सावकाराच्या घशात जाणार नाही.

पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले विरोधात सविस्तर बोलले. हक्क काढला की शेतकऱ्याची पत जाईल, आणि पत गेल्यावर पुढच्या दुष्काळात त्याला कर्ज कोण देणार? फिरोजशहा मेहतांचा आग्रह होता की विधेयक घाईने रेटू नये. पण सभागृहात बहुमत सरकारी माणसांचं. मेहता उठून बाहेर पडले, त्यांच्यामागून गोखले आणि आणखी काही लोकनियुक्त सदस्य.

गोखल्यांचा स्वभाव सभात्यागाचा नव्हताच. जाण्याआधी त्यांनी खुलासा केला: हे पाऊल अत्यंत नाइलाजाने उचलतोय, कुणाचा अपमान करायचा नाही, पण इथे बसून राहिलो तर या कायद्याच्या जबाबदारीत आपणही वाटेकरी होऊ. विधेयक अर्थातच मंजूर झालं.

तिथे थांबून विरोधात मत द्यायला हवं होतं का? मला आधी तसंच वाटायचं. नोंदीत निदान 'विरुद्ध' असं नाव तरी राहिलं असतं. पण निकाल ठरलेलाच होता, आणि गोखल्यांची भूमिका भाषणातून नोंदली गेली होती. 4 जुलै 2022 ला आपल्या विधानसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी काही आमदार उशिरा पोचले, दारं बंद झाली होती. तिथेही मत पडलं नाही, पण ते वेगळं प्रकरण.

हेही सांगायला हवं की वर्ग 2 च्या सगळ्या जमिनी त्या कायद्यातून आल्या नाहीत. वतनाच्या आहेत, कूळकायद्याच्या आहेत. विकायच्या हक्कावर सरकारचा हात, ही कल्पना मात्र तीच.

परतीच्या लोकलमध्ये काकांना हे सगळं सांगितलं. गोखले त्यांच्याच बाजूने बोलले होते, म्हणून ते खूश होतील असं वाटलं.

"बरोबर बोलले ते," काका म्हणाले. "पण शेरा नसता, तर एक्सप्रेस-वे आला तेव्हाच मी सगळी विकून बसलो असतो."

देहूरोड गेलं. काकांनी सातबारा पिशवीत घातला आणि दाराकडे निघाले.