पावणेदोन तोळ्यांचे विमान

धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे. तेथून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने उडताना धुळेकरांनी पाहिलेली असतात. मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या सहा आसनी विमानाची उड्डाण-चाचणीही २०२० साली धुळ्यालाच झाली. अशी विमाने पाहिल्यावर वर्गातला एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, हेच विमान हुबेहूब लहान करून रेडिओवर उडवता येईल का?" येते. पण 'हुबेहूब लहान' या शब्दांत एक अडचण दडलेली आहे, आणि ती सुटायला सुमारे एकशेतीस वर्षे लागली.

ही अडचण फळ्यावर मांडता येते. शिकाऊ वैमानिक वापरतात ते सेसना १७२ हे विमान घेऊ. त्याच्या पंखांचा पसारा ११ मीटर, पूर्ण भरल्यावर वजन सुमारे ११११ किलो आणि वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर. ते २४ पटीने लहान करू. पसारा ४६ सेंटिमीटर होईल, म्हणजे शिक्षकाच्या टेबलावर मावेल. पंखांचे क्षेत्रफळ २४ च्या वर्गाने, म्हणजे ५७६ पटीने घटेल. वजन मात्र घनाने, म्हणजे १३,८२४ पटीने घटून ८० ग्रॅम होईल. हवेत टिकून राहण्यासाठी लागणारा वेग हा 'वजन भागिले पंखांचे क्षेत्रफळ' या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ही संख्या २४ पटीने कमी झाली, म्हणून वेग सुमारे ४.९ पटीने कमी झाला. तो आला ताशी ४६ किलोमीटर. शाळेच्या सभागृहात हे विमान पहिल्याच वळणावर भिंतीवर आदळेल.

बरे, ते डोळ्यांना खऱ्यासारखे वाटायचे तर वेगही २४ पटीने कमी हवा, म्हणजे ताशी साडेनऊ किलोमीटर. त्यासाठी वजन किती लागेल? अवघे ३.३ ग्रॅम! एवढ्यात पंख, यंत्र, रेडिओ आणि वीजघट बसवणे ही चेष्टाच झाली. म्हणून प्रतिकृती करणारा मधला मार्ग काढतो. वजन ८० ऐवजी २० ग्रॅमवर आणले, की वेग निम्मा, म्हणजे ताशी २३ किलोमीटर होतो. वेगात चालवलेल्या सायकलीएवढा. लहान विमान हलके करण्याचा खटाटोप हा असा संथपणासाठी असतो, विक्रमासाठी नव्हे. २० ग्रॅम म्हणजे जुन्या मापाने सुमारे पावणेदोन तोळे. हे काम करायला जळगावच्या सराफ बाजारातलाच काटा हवा.

पावणेदोन तोळ्यांच्या आतले विमान पूर्वी उडालेच नव्हते असे नाही. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या एका बागेत १६ ग्रॅम वजनाचे विमान ११ सेकंद उडवून दाखवले. पंखांचा पसारा ४५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सेसनाएवढाच. शक्ती होती पिळलेल्या रबराची. मागे छोटी शेपटी लावून त्याने विमान आपोआप स्थिर राहील अशी योजना केली होती, आणि आमच्या मते त्याचे खरे मोठेपण तेथे आहे. पण एकदा सोडलेल्या विमानावर त्याचा काही ताबा उरत नव्हता.

येथे मराठी वाचकाला शिवकर बापूजी तळपदे आठवतील. त्यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर मानवरहित विमान १५०० फूट उंच नेले, असे सांगितले जाते. या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा उपलब्ध नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा या संदर्भात उल्लेख होतो, ते विसाव्या शतकात रचले गेले आहे आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली काढला. विद्यार्थ्यांनी या कथेला विचारावेत असे प्रश्न साधे आहेत : विमानाचे वजन किती होते, पंख केवढे होते आणि शक्ती कोठून आली? अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांनी ६ मे १८९६ रोजी वाफेच्या यंत्रावर सुमारे एक किलोमीटर उडवलेल्या प्रतिकृतीबाबत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. शिवाय अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी काढलेले छायाचित्रही आहे.

दूरनियंत्रणाचे तत्त्व निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये दाखवले, पण होडीवर. होडीला वजनाची फिकीर नसते. विमानाला असते. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या भावांनी १९३७ च्या सुमारास रेडिओवर उडवलेले 'गफ' हे विमान जवळजवळ अडीच मीटर पसाऱ्याचे आणि चार किलोच्या आसपास वजनाचे होते. एवढे मोठे कशाला? कारण रेडिओत काचेच्या निर्वात नळ्या होत्या. नळीची तार तापवायला एक वीजघट आणि तिच्या पट्टीला बराच जास्त दाब द्यायला दुसरा. विमान लहान केल्याने नळी लहान होत नव्हती. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला, तेव्हा कोठे हा अडसर दूर होऊ लागला.

उरला प्रश्न शक्तीचा. इंग्लंडच्या कर्नल टॅप्लिन यांनी ३० जून १९५७ रोजी विजेच्या मोटरवर रेडिओ-नियंत्रित विमान उडवले. वीजघट चांदी-जस्ताचा, म्हणजे महागडा. पुढे विजेवर चालणाऱ्या प्रतिकृती बनवणारे फ्रेड मिलिट्की यांनीच विजेवर माणूस नेण्याची योजना आखली, आणि २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात हाइनो ब्रडिच्का यांनी तसे विमान उडवले. लहान विमानाने मोठ्याला धडा दिला तो असा.

पावणेदोन तोळ्यांपर्यंत पोचवणारी शेवटची मदत मात्र विमानविद्येकडून आलीच नाही. पेजर आणि मोबाइल फोन थरथरावेत म्हणून बनवलेली मोटर दोन-तीन ग्रॅमची होती. फोनसाठीच लिथियम-पॉलिमर वीजघट आले. विसावे शतक संपता संपता हौशी मंडळींनी हे दोन्ही उचलले.

याचा हिशोब पाहण्यासारखा आहे. २० ग्रॅमचे विमान सेकंदाला ६.४ मीटर वेगाने उडते आणि हवेचा विरोध वजनाच्या एक पंचमांश असतो असे धरले, तर त्याला पाव वॅट शक्ती पुरते. मोटर आणि पंखा मिळून तीन चतुर्थांश ऊर्जा वाया घालवतात असे मानले, तरी वीजघटाकडून १ वॅट हवा. लिथियम-पॉलिमर घटाच्या एका ग्रॅमात सुमारे ५०० जूल मावतात. साडेतीन ग्रॅमच्या घटात १७५० जूल, म्हणजे कागदावर २९ मिनिटे. चढणे आणि वळणे धरून प्रत्यक्षात याच्या निम्मी मिळाली तरी भरपूर. चांगल्या रबराच्या एका ग्रॅमात मात्र १० जूलच्या आसपासच ऊर्जा साठते. तेवढ्याच वजनाच्या रबरावर, मोटरचा तोटा वगळूनही, विमान मिनिटभरच तरंगेल.

हुबेहूबपणाला आणखी एके ठिकाणी मुरड घालावी लागते. एवढ्या लहान आणि संथ पंखाला हवा तुलनेने चिकट वाटते. जर्मनीत एफ. डब्ल्यू. श्मित्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले, की अशा वेळी मोठ्या विमानाच्या जाड पंखापेक्षा पातळ, किंचित वाकवलेली पट्टीच चांगली उचलते. म्हणून सेसनाचे रूप वरून जपायचे आणि पंखाचा छेद बदलायचा.

विज्ञान-प्रदर्शनात तयार संच जोडून विमान उडवण्यापेक्षा मुलांनी आधी वजनांची यादी करावी, असे आम्हांला वाटते. मोटर ३ ग्रॅम, घट साडेतीन, रेडिओ आणि सुकाणू हलवणारे भाग ४. सांगाड्याला उरले साडेनऊ. त्यात बाल्सा वापरावे, थर्माकोल वापरावे, की बाशिंगासाठी वापरतात ते भेंड आणि त्याला पतंगाच्या बारीक कामट्यांचा आधार? भेंड हलके, पण चटकन दबते. कामटी ताठ, पण जड. मुलांनी तुकडे तोलून आणि वाकवून ठरवावे. उडवायला विमानतळाच्या आणि धावपट्टीच्या परिसरात मात्र जाऊ नये. तेथे वजन कितीही कमी असले तरी परवानगी लागते. आणि रंगाचा हिशोब विसरू नये. सर्व बाजू मिळून ८०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग आणि दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम रंग धरला, तर ०.८ ग्रॅम होतात. सराफाच्या मापात साडेसहा गुंजा.