गोल्डन गेट पुलावरील सुरक्षा जाळे
सॅन फ्रान्सिस्को (अमेरिका) येथील गोल्डन गेट पुलावर आत्महत्या रोखण्यासाठी सार्वजनिक निधीतून बसवलेले पोलादी जाळे. पूल 1937 मध्ये खुला झाला. जाळे पुरे व्हायला जानेवारी 2024 उजाडले. इतका विलंब लागला तो तंत्राअभावी नव्हे, पैसा व पुलाचे देखणेपण यांवरच्या वादामुळे. अडवलेला माणूस दुसरीकडे जाईलच, हा विरोधकांचा आवडता युक्तिवाद. संशोधक रिचर्ड सायडन यांनी 1978 सालीच तो खोडून काढला होता: पुलावर अडवलेल्या 515 जणांपैकी 90 टक्क्यांहून अधिक लोकांनी पुढे आत्महत्या केली नाही. तरीही निर्णय दशकानुदशके रेंगाळावा, हे क्लेशदायक आहे.

पुलाच्या संचालक मंडळाने 2008 मध्ये जाळ्याचा पर्याय निवडला, पण पथकराचा पैसा त्यासाठी वापरायचा नाही, अशी भूमिका घेतली. कोंडी फुटली ती 2012 च्या संघीय वाहतूक कायद्यामुळे. अशा अडथळ्यांवर संघीय वाहतूक निधी खर्च करण्याची मुभा त्याने दिली. 2014 मध्ये 7 कोटी 60 लाख डॉलरची तरतूद झाली. तीत संघीय व राज्य निधीबरोबर पूल मंडळाचा स्वतःचा वाटाही होता आणि कॅलिफोर्नियाच्या मानसिक आरोग्य निधीतूनही रक्कम आली. प्रत्यक्ष खर्च मात्र 22 कोटी डॉलरच्या पुढे गेला.

जाळे पदपथाच्या सुमारे 20 फूट खाली असून तितकेच बाहेर आलेले आहे. खाऱ्या वाऱ्यात टिकावे म्हणून ते गंजरोधक पोलादी तारांचे केले आहे. ते बसवल्यानंतर पुलावरील मृत्यू लक्षणीय घटले.