वाघानेच पेटवलेला फ्लॅश

१/ १९२० च्या दशकात संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी रात्रीच्या वाघाचे छायाचित्र वाघाकडूनच काढून घेतले. वाटेवर तार, तिला पाय लागताच मॅग्नेशियमची पूड भडके.

२/ प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो: अंतर दुप्पट, तर उजेड एक चतुर्थांश. तारेमुळे वाघाची जागा, म्हणजेच फ्लॅशपासूनचे अंतर, आधीच ठरे. त्यानुसार पुडीचे प्रमाण बेतता येई.

३/ प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, हे त्यांनी अशा छायाचित्रांवरून ओळखले.

४/ आज भंडारा जिल्ह्यात, जिथे सिहोरा आहे, आणि शेजारच्या गोंदियात पसरलेल्या नवेगाव-नागझिऱ्यात तारेची जागा उष्णता व हालचाल टिपणाऱ्या संवेदकाने घेतली आहे. प्रश्न मात्र तोच. उजेड अधिक झाला तर पट्टे पुसट होतात, उणा पडला तर काळोखात बुडतात. आणि पट्टे वाचता आले नाहीत, तर वाघ कोणता हे ठरत नाही.